लघवीच्या संसर्गावर नेहमीच्या गोळ्या चालेनाशा झाल्या, तर नवीन काही येतंय का?

हो, येतंय. फोंड्याला मावशीचा कल्चर रिपोर्ट (लघवीतले जंतू वाढवून त्यांच्यावर कुठलं औषध चालतं ते पाहणारी तपासणी) मी हातात घेतला तेव्हा औषधांच्या नावांपुढे एकाखाली एक 'आर' होता, म्हणजे रेझिस्टंट, औषध चालत नाही. पोटात धस्स झालं. खाली नायट्रोफ्युरँटोइनपुढे 'एस', म्हणजे सेन्सिटिव्ह, औषध चालतं, असा सापडला आणि त्या जुन्या औषधानेच तिला बरं वाटलं. म्हणून कल्चर केल्याशिवाय औषधं बदलत बसू नका.

आता नव्याबद्दल. ई. कोलायसारखे काही जंतू एन्झाइम तयार करून अँटिबायोटिकच तोडून टाकतात. चेन्नईच्या ऑर्किड फार्माने शोधलेलं एनमेटाझोबॅक्टम त्या एन्झाइमलाच अडवतं, मग सोबतचं सेफेपिम हे अँटिबायोटिक आपलं काम करतं. अमेरिकेत २०२४ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. आपल्याकडचं संशोधन तिथवर पोचलं याचा मला फार आनंद आहे. मात्र ते शिरेतून द्यायचं, गुंतागुंतीच्या संसर्गासाठी.

साध्या संसर्गासाठी गेपोटिडासिन ही गोळी, अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये मंजूर. जंतूंच्या डीएनएची नक्कल ती थांबवते, पण सिप्रोफ्लॉक्ससिन या जुन्या अँटिबायोटिकपेक्षा वेगळ्या जागी पकड घेऊन.

थंडी वाजून ताप आला किंवा कुशीत दुखू लागलं, तर घरी थांबू नका, सरळ बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात न्या.