इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरला ५.८ एसजीपीए (दहापैकी सरासरी ग्रेड-गुण) आला, एम-वन म्हणजे गणिताचा पहिला पेपर काठावर सुटला. दहावी-बारावीत कायम पहिल्या पाचात होतो. घरी अजून सांगितलेलं नाही. यातून कसं सावरू?

तू माझ्यापेक्षा लहान असशील, म्हणून 'तू'च म्हणतो. बारावीला मला गणितात ९१ होते. पुण्यात आलो आणि पहिल्याच सेमिस्टरला एम-वनमध्ये ७० पैकी १९. केटी, म्हणजे विषय राहिला, पेपर पुन्हा द्यायचा. दोन दिवस मेसला गेलो नाही, कारण तिथे सगळे एकमेकांना पॉइंटर, म्हणजे एसजीपीए, विचारत होते.

घरी सांगायला चार दिवस लावले. ते चार दिवस निकालापेक्षा वाईट गेले. सांगोल्याजवळ आमची डाळिंबाची बाग आहे, अण्णा फवारणी करत होते. "अण्णा, गणितात नापास झालो," एवढंच बोललो. पंप बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "परत पेपर कधी आहे?" तुझ्या घरी इतक्या शांतपणे घेतील की नाही, सांगता येत नाही. पण दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तू सांग, आजच सांग. आणि रात्री झोप लागत नसेल, डोक्यात नको ते विचार येत असतील तर एकट्याने सोसू नकोस. १४४१६ ही सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, चोवीस तास आणि मोफत. मराठीतही बोलता येतं.

आता ५.८ कडे बघ. आठातलं हे एक सेमिस्टर. सगळ्या सेमिस्टरचे क्रेडिट सारखे धरले आणि उरलेल्या सातांत सरासरी ८ मिळवलेस, तर शेवटी साधारण ७.७ होतात. कॅम्पसला बऱ्याच कंपन्या साठ टक्क्यांची आणि एकही केटी बाकी नसण्याची अट घालतात. तू त्या शर्यतीतून बाद झालेला नाहीस.

मला खरं सावरलं ते उत्तरपत्रिकेच्या फोटोकॉपीने. पैसे भरून मागवली आणि रूमवर दार लावून पान न् पान वाचली. ऑयलरच्या प्रमेयावरचं एक गणित होतं: यू म्हणजे टॅन इन्व्हर्स, त्यात वर एक्सचा घन अधिक वायचा घन, खाली एक्स वजा वाय; काढायचं होतं एक्स गुणिले यूचं एक्सनुसार अंशतः विकलन अधिक वाय गुणिले यूचं वायनुसार अंशतः विकलन. मी थेट सूत्र लावून उत्तर लिहिलं होतं २यू. बरोबर उत्तर साइन २यू. ते सूत्र होमोजिनियस, म्हणजे एकसारख्या घाताच्या, फलनालाच लागतं; इथे यू तसं नाहीच, टॅन यू आहे. सूत्र मला तोंडपाठ होतं, ते कधी लावायचं हे मी कधी तपासलंच नव्हतं. पुढचं मॅट्रायसेस तर अख्खं युनिट मी ऑप्शनला टाकलं होतं, आणि पेपरात त्याचीच गणितं सोपी आली होती. तोवर वाटत होतं की आपल्याला इंजिनिअरिंग झेपत नाही. त्या कागदांवर मात्र माझ्या चुका मोजता येत होत्या.

बारावीला क्लासवाले सर सगळं फळ्यावर सोडवून द्यायचे, आपण वहीत उतरवायचो. इथे पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, सोडवलेली गणितं नुसती वाचली की सगळं आल्यासारखं वाटतं, ही मोठी फसगत आहे. आमच्या मजल्यावरच्या एका दादाने मला सवय लावली: गणित कोऱ्या कागदावर घ्यायचं, अडलं तरी वीस मिनिटं उत्तर उघडायचं नाही. पहिल्या आठवड्यात रोज दोन-तीनच व्हायची, फार चीड यायची. महिन्याभराने दहा होऊ लागली. जुने पेपर घड्याळ लावून सोडवले, एकही युनिट ऑप्शनला न टाकता. पुढच्या खेपेला ५१ आले. त्या संध्याकाळी अण्णांना लगेच फोन केला.

तुझ्या एम-टूची लेक्चर्स सुरू झाली असतील, त्यामुळे एम-वनमधलं कच्चं राहिलेलं शनिवार-रविवारीच भरून काढावं लागेल. एम-टूत ते पुन्हा लागतंच. फोटोकॉपीच्या अर्जाची मुदत मात्र निकालानंतर थोडेच दिवस असते. कॉलेजच्या परीक्षा विभागात उद्याच जाऊन तारीख विचार.