शारजा-गोवा विमानात खाणंपिणं घेताना पैसे कशात द्यावेत?

तुम्ही विचारलंय की शारजाहून गोव्याला येताना स्वस्तातल्या विमानात जेवण घेतलं, यादीत भाव 15 दिरहम किंवा 400 रुपये असा छापला होता, पाचशेची नोट दिली आणि शंभर रुपयांऐवजी एकेक दिरहमची तीन नाणी हातात आली. ही फसवणूक आहे का, आणि पुढच्या वेळी काय करायचं?

फसवणूक नाही. विमानातला विनिमय दर कंपनी स्वतः ठरवते, बाजारभावाशी त्याचा रोजचा संबंध नसतो, आणि भाव यादीत छापलेला असतो. पण तुमचा तोटा नक्की झालाय, आणि तो एकदा नाही, दोनदा.

मी म्हापशात परवानाधारक मनी चेंजरकडे काउंटरवर बसतो. चवथीच्या आधी आखातातून माणसं गावी येतात तेव्हा हेच प्रकरण रोज समोर येतं. पाकीट उलटं करतात, नोटांबरोबर कॉफीची सुरई कोरलेली ती दिरहमची नाणी काचेखालून पुढे सरकवतात, आणि मला ती परत सरकवावी लागतात. आम्ही नोटाच घेतो. नाणी आमच्याकडून पुढे कोणी घेत नाही, म्हणून आम्हीही घेऊ शकत नाही. नाही म्हणताना खरंच वाईट वाटतं, कारण समोरच्याला ते सुट्टे त्याच्या इच्छेविरुद्ध मिळालेले असतात.

आता तुमचा हिशेब. समजा त्या दिवशी बाजारात दिरहम 24 रुपयांना होता. 15 दिरहम म्हणजे 360 रुपये. यादीत 400 छापलेत, म्हणजे कंपनीने दिरहम जवळजवळ पावणेसत्तावीस रुपयांना धरला. हा पहिला तोटा, 40 रुपयांचा. मग उरलेल्या शंभर रुपयांचे त्याच दराने पावणेचार दिरहम व्हायला हवेत. पण ट्रॉलीत फिल्स (दिरहमचे सुट्टे, 100 फिल्स म्हणजे 1 दिरहम) ठेवत नाहीत, म्हणून पाऊण दिरहम सोडून तीनच मिळाले. त्यांची बाजारातली किंमत 72 रुपये, आणि गोव्यात ती नाणी कोणीच बदलून देणार नाही. म्हणजे तुमच्यापुरतं ते जेवण 500 रुपयांना पडलं. ती नाणी टाकून मात्र देऊ नका. वाड्यावर कोणीतरी परत जाणारं असतंच, त्याला द्या. तिकडच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, ती सहज खपतात.

डॉलर दिले असते तर बरं झालं असतं, असं काहींना वाटतं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. दिरहम डॉलरला बांधलेला आहे, 1 डॉलरला 3.6725 दिरहम, आणि 1997 पासून हा आकडा हललेला नाही. त्यामुळे 15 दिरहमचे डॉलर कोणत्याही दिवशी चार आणि वर काही सेंटच होतात. यादीत त्याच जेवणापुढे 5 डॉलर दिसले, तर कंपनीने डॉलर 3 दिरहमला धरला हे तिथल्या तिथे कळतं. रुपयाच्या बाबतीत भाव वर-खाली झाला असेल, असं म्हणायला जागा असते. डॉलर-दिरहममध्ये ती जागाच नाही. कंपनी किती कापते हे ओळखायची माझ्या माहितीत याहून सोपी खूण नाही. सौदी रियाल (1 डॉलरला 3.75), कतारी रियाल (3.64) यांच्याबाबतीतही हेच करता येतं. कुवेती दिनार एकट्या डॉलरला बांधलेला नाही, तिथे ही युक्ती चालत नाही. आणि कुवेत, ओमान, बहरीनच्या चलनात दशांश चिन्हापुढे तीन आकडे असतात: 1.500 म्हणजे दीड दिनार. घाईत लोक ते पंधराशे वाचून दचकतात.

माझा सल्ला सरळ आहे: कंपनीच्या स्वतःच्या चलनात पैसे द्या, शक्यतो कार्डाने. शारजाच्या कंपनीचं चलन दिरहम. भारतीय कंपनीचं विमान असेल तर उलट, तिथे रुपये द्या आणि दिरहम खिशात ठेवा. यादीत जो आकडा आधी किंवा ठळक छापलेला असतो, ते बहुधा मूळ चलन. बाकीचे आकडे त्यावरून काढून वरच्या पूर्ण आकड्यावर नेलेले असतात.

तुमचं कार्ड तिकडच्या बँकेचं असेल तर प्रश्नच मिटला, बदलाबदली होतच नाही. भारतीय कार्ड असेल तर बँक साधारण 2 ते 3.5 टक्के मार्कअप, म्हणजे दरावर जादा आकार, लावते आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी. 3.5 टक्के धरले तरी तुमचं 360 चं जेवण 375 च्या आसपास पडलं असतं. मात्र मशीनवर 'रुपये की दिरहम' असा पर्याय आला तर दिरहमच निवडा. रुपये निवडले की दर मशीनवाल्याचा लागतो, आणि तो बँकेच्या दरापेक्षा बहुतेक वेळा महाग असतो. कर्मचारी घाईत स्वतःच रुपयांचं बटण दाबतात, तेव्हा मशीन आपल्या हातात मागून घ्या. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

कार्डाचं आंतरराष्ट्रीय वापराचं बटण बँकेच्या अ‍ॅपमध्ये घरूनच चालू करून ठेवा. 2020 मधल्या रिझर्व्ह बँकेच्या आदेशानंतर नवीन कार्डं फक्त देशातल्या वापरासाठी चालू करून मिळतात, आणि वर आकाशात अ‍ॅप उघडत नाही. यूपीआयही त्याच कारणाने विसरा. विमानातलं मशीनसुद्धा बहुतेकदा नेटवर्कशिवाय चालतं: व्यवहार साठवून ठेवतं आणि उतरल्यावर बँकेकडे पाठवतं. म्हणून पैसे दोन-तीन दिवसांनी, तेव्हाच्या दराने कापले जातात, आणि काही डेबिट किंवा प्रीपेड कार्डं खात्यात पैसे असूनही नाकारली जातात. पावती तोवर जपून ठेवा.

रोखच द्यायची असेल तर दिरहमच्या 5, 10, 20 च्या नोटा वेगळ्या ठेवा आणि ऑर्डर देण्याआधी विचारा, "मोड कशात देणार?" नाण्यांत म्हणाले तर नोट पुढे करू नका, किंवा उरलेल्या पैशांत पाणी, बिस्किटं असं काही घेऊन हिशेब पुरा करा. परत आणलेल्या लहान नोटांना आमच्याकडेही मोठ्या नोटांपेक्षा दर थोडा कमी मिळतो, तेव्हा पाच-दहाच्या नोटा विमानातच संपवलेल्या चांगल्या.

आईवडिलांना एकटं पाठवत असाल तर त्यांचं जेवण तिकिटाबरोबरच घ्या. आधी घेतलेलं बहुधा स्वस्त पडतं, आणि त्यांना वर कोणाशी दराबद्दल बोलावं लागत नाही.