वडील बाप्तिस्मा न घेता गेले. ख्रिस्ती माणसाला त्यांच्याबद्दल आशा ठेवता येते का?

तुम्ही लिहिलंय की वडील शेवटपर्यंत माळकरी राहिले, तुम्ही मात्र लग्नाआधीच बाप्तिस्मा घेतला होता. ते गेल्यावर मंडळीतले, म्हणजे तुमच्या चर्चमधले, एक काका म्हणाले, 'त्यांचं तारण नाही (पापातून सुटून ते देवाजवळ जाणार नाहीत), विषय संपला.' आता आशा ठेवू का, प्रार्थना करू का, आणि भाऊ वर्षश्राद्धाला बोलावतोय तर जाऊ का, असे तुमचे तीन प्रश्न.

मी पाळक, म्हणजे चर्चची धर्मगुरू, नाही. नगरकडच्या प्रोटेस्टंट घरातली आहे. आमचे निम्मे नातेवाईक आजही हिंदूच आहेत, त्यामुळे हा प्रश्न आमच्याकडे दर पिढीत कुणाच्या तरी मयतीनंतर येतोच. माझं उत्तर सांगते: आशा ठेवा. खात्री मी देऊ शकत नाही, पण ती त्या काकांकडेही नाही.

काकांनी हे मनानं रचलेलं नाही, हेही मान्य करायला हवं. बायबलमध्ये योहान १४:६ आहे, प्रेषितांची कृत्ये ४:१२ आहे (येशूशिवाय पित्याकडे वाट नाही, दुसऱ्या कोणाकडून तारण नाही), आणि मी ती वचनं गाळून वाचत नाही. पण तारण कोणामुळे होतं एवढं ती सांगतात. तुमचे वडील शेवटच्या श्वासाला देवासमोर कसे उभे होते, ते तिथे लिहिलेलं नाही. लूक १३ मध्ये एकानं येशूला सरळच विचारलं होतं, तारण होणारे थोडेच आहेत का? त्यानं हो-नाही काहीच सांगितलं नाही. अरुंद दरवाजानं आत जायची तुम्ही खटपट करा, असं म्हणून विचारणाऱ्यांवरच प्रश्न उलटवला.

आता येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या चोराकडे या. येशू त्याला म्हणाला, 'आज तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील'. हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, पण येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी ते फक्त लूकमध्ये आहे. मत्तय २७:४४ आणि मार्क १५:३२ उघडून पाहा: तिथे दोन्ही चोर येशूची निंदा करताहेत, पुढे काही नाही. लूकनं लिहून ठेवलं नसतं तर आज प्रत्येक पाळकानं छातीठोकपणे सांगितलं असतं की दोघेही शिव्या देत मेले. त्या चोराची आई गावी असेल तर तिच्यापर्यंत कदाचित तेवढंच पोचलं असेल. शेवटच्या घटकेला काय झालं ते शेजारच्या वधस्तंभावर असलेल्यानं ऐकलं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत ते कोणी ऐकलं, हे ना तुम्हाला माहीत, ना काकांना.

याबाबत मला पंडिता रमाबाई फार जवळच्या वाटतात. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे १८७४ मध्ये दुष्काळात, तीर्थयात्रा करत करतच गेले. रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला १८८३ मध्ये, इंग्लंडात. वडिलांपर्यंत शुभवर्तमान पोचलंच नव्हतं. मरताना त्यांनी मुलीला सांगितलं होतं की मी तुला देवाच्या हाती दिलंय, आयुष्यभर त्याचीच सेवा कर. पुढे ख्रिस्ती झाल्यावर रमाबाईंनी लिहिलं की वडिलांना खरा देव ठाऊक नव्हता, पण त्यांच्यासाठी अज्ञात असलेल्या त्या देवाची त्यांनी पूर्ण मनानं सेवा केली. ही अथेन्समधल्या पौलाची भाषा आहे: ज्या अज्ञात देवाला तुम्ही न ओळखता भजता, तोच मी तुम्हाला सांगतो, असं तो प्रेषित तिथल्या लोकांना म्हणाला होता. आणि रमाबाई काही सगळे धर्म सारखेच म्हणणाऱ्या नव्हत्या, हिंदू धर्मावर त्यांनी कडक लिहिलंय. तरी बापाचा निवाडा करायला त्या बसल्या नाहीत.

उलट उदाहरणही आहे. ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे ते कॅथलिक मिशनरी फ्रान्सिस झेवियर. जपानहून परतल्यावर १५५२ मध्ये त्यांनी कोचीनहून पत्र लिहिलं: नवे ख्रिस्ती आपल्या मेलेल्या आईबापांसाठी रडतात, त्यांना सोडवता येईल का म्हणून विचारतात, आणि मी सांगतो, काही उपाय नाही. त्यांचं रडणं पाहून आपल्यालाही रडू आवरत नाही, असंही ते लिहितात. पण पुढे खुद्द त्यांच्याच चर्चनं वेगळं शिकवलं. १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं म्हटलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. कॅथलिकांच्या मिस्सामध्ये (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) तर एक प्रार्थना अशी आहे की ज्यांचा विश्वास फक्त तुलाच ठाऊक आहे, त्या सर्व मृतांचीही आठवण ठेव. मी कॅथलिक नाही, पण ही ओळ मला हवीहवीशी वाटते.

तुम्ही म्हणाल, माझ्या वडिलांनी तर ऐकलं होतं, मीच सांगितलं होतं. खरंय, म्हणूनच मी खात्री म्हणत नाही. शेवटी सगळेच तरतील असंही मी म्हणत नाही, मत्तय २५ मधला शेवटच्या निवाड्याचा दाखला मला तसं म्हणू देत नाही. पण त्यांनी नक्की काय ऐकलं? ख्रिस्त ऐकला, की 'आपली पोरगी आता आपल्यातली राहिली नाही' एवढंच? ते नाकारणं होतं की दुखावणं, हे देवालाच वेगळं करता येईल.

प्रार्थनेचं म्हणाल तर कॅथलिक मृतांसाठी करतात, आमच्यात ती पद्धत नाही. तुमचे पाळक बहुधा नको म्हणतील. वडील दिल्याबद्दल आभार मानायला आणि त्यांना देवाच्या हाती सोपवायला मात्र कोणीच अडवू शकत नाही. ते जिवंत असताना त्यांच्यासाठी तुम्ही ज्या प्रार्थना केल्या असतील, त्याही त्यांच्या मरणामुळे वाया गेल्या असं मी मानत नाही.

वर्षश्राद्धाला जा. 'पिंडाच्या विधीत मी बसणार नाही, पण घरात असेन, कामाला हात लावेन,' हे भावाला फोनवर आधीच सांगा. जेवणाबद्दल १ करिंथकरांस १०:२७-२८ (वाढलेलं न विचारता खा, पण हे देवाला वाहिलेलं आहे असं कोणी सांगितलं तर खाऊ नका) वाचून काय ते ठरवा. नैवेद्यातलं नको असेल तर वहिनीला आदल्या दिवशीच सांगा, पंगत बसल्यावर नको.