चार वर्षांचा फोन दुपारीच मान टाकतो. बॅटरी बदलू की नवा घेऊ?

आधी सेटिंगमध्ये सुरक्षा अपडेटची तारीख बघा. दोन वर्षांपासून अपडेट नसेल आणि यूपीआय त्याच फोनवर असेल, तर नवाच घ्या. नाहीतर बॅटरी बदला.

लिथियम-आयन बॅटरी साधारण 500 पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या 80 टक्क्यांवर येते. नागपूरच्या 45 अंशांत, त्यातही गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली तर त्याआधीच. 30 टक्के दाखवताना फोन अचानक बंद पडतो? मग बहुतेक दोष बॅटरीचाच. मागचं झाकण फुगलं असेल तर चार्जिंग आजच थांबवा, दाबून बघू नका.

नागपूरच्या सीताबर्डी बाजारात स्वस्त बॅटरी मिळते, पण तिच्यावर छापलेल्या एमएएचवर (बॅटरीच्या क्षमतेच्या आकड्यावर) जाऊ नका (आकडा काय, कोणीही छापतो). आधी सर्व्हिस सेंटरचा भाव विचारा. फोन पाणीरोधक असेल तर झाकणाचा गोंद नवा लावून घ्या, नाहीतर पावसाळ्यात पाणी शिरेल.