पहिला केस रिपोर्ट लिहिताना
दुर्मिळ केस मिळाली म्हणून लगेच केस रिपोर्ट (एका रुग्णाच्या आजाराची आणि उपचारांची छापायची नोंद) लिहायला बसू नकोस. आधी रुग्णाची लेखी संमती घे. डिस्चार्जनंतर माणूस सापडत नाही, मी हे एकदा भोगलंय. मग २०१३ ची ‘केअर’ चेकलिस्ट (केस रिपोर्टमध्ये काय काय हवं त्याची यादी) समोर ठेव. घटनाक्रम तारखांऐवजी दिवसांत मांड (पहिला दिवस, नववा दिवस), म्हणजे ओळखही झाकली जाते. ‘जगातली पहिलीच केस’ असं तर लिहूच नकोस. नीट शोधलं की बहुतेकदा दुसरी निघतेच. एका रुग्णावरून औषधाचा गुण सिद्ध होत नाही, पण धोक्याची चाहूल लागू शकते. १९८१ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या पाच तरुणांच्या दुर्मिळ न्यूमोनियाची नोंद छापून आली, आणि तिथूनच पुढे एड्सची ओळख पटत गेली. आपलं निदान सुरुवातीला कुठे चुकलं, तेही लिही. मी तरी तोच परिच्छेद आधी वाचतो.