जुना तुकडा फेकायचा नाही

प्रिय चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

खोलून खोक्यांत भरलेल्या तुझ्या जुन्या मॉरिस मायनर मोटारीची यादी मिळाली. वर "नसलेले पार्ट" असं लिहून खाली भरगच्च पानं, आणि शेवटी प्रश्न: हे सगळं नवं मागवू, की पार्टांसाठी दुसरी मॉरिस मायनर घेऊन टाकू? दोन्ही नको. निदान आत्ता नको. ही यादी तू कॅटलॉग समोर ठेवून केलीस. कॅटलॉगमध्ये आहे आणि खोक्यात पहिल्या नजरेला दिसलं नाही, ते सगळं तू हरवलेलं धरलंस. त्याचं एवढं काही नाही, यादी पुन्हा करता येते. पण फोटोत गाडीच्या मागे ती काळी पिशवी आहे ना, वर तुझ्याच अक्षरात "भंगार" लिहिलेली? ती आधी आत आण. पत्र बाजूला ठेव आणि आण.

जुना तुकडा फेकायचा नाही. मोडका असो, गंजून चाळण झालेला असो, रबराचा नुसता भुगा उरलेला असो. त्याच्या जागी आलेला नवा भाग बसला, गाडी रस्त्यावर चालली, तापली, थंड झाली आणि तरी सगळं जागेवर राहिलं, की मग जुन्याचं काय करायचं ते बघू. तोवर नाही.

ही गाडी ज्याने खोलली, त्याला कुठला बोल्ट कुठून निघाला हे ठाऊक होतं. त्याने हात टेकले, गाडी विकली, आणि ती माहिती त्याच्याबरोबर गेली. आता तुला सांगणारे उरले ते हे तुकडेच. अर्धं गंजलेलं ब्रॅकेटसुद्धा भोकांमधलं अंतर सांगतं, पत्र्याची जाडी सांगतं, कुठे किती वाकवलं होतं ते सांगतं. ते हातात असेल तर कुठलाही बरा फॅब्रिकेटर दुसरं करून देईल. नसेल तर तू त्याला फोनवर फोटो दाखवत बसशील आणि तो मान हलवत बसेल.

आणि "नट-बोल्ट काय, कुठेही मिळतात" हे वाक्य पुन्हा लिहू नकोस. तुझ्या मायनर १००० वर बहुतेक आटे यूएनएफ, म्हणजे इंची मापाचे बारीक आटे, आहेत. ५/१६ इंची बोल्टचा व्यास ७.९४ मिलिमीटर, मेट्रिक एम ८ चा ८ मिलिमीटर. डोळ्याला फरक कळत नाही. पण पहिल्यावर इंचाला २४ आटे, दुसऱ्यावर जेमतेम २०. एम ८ त्या नटात एक-दोन वेढे गोडीगुलाबीने जातो, मग अडतो, आणि आपण पान्याला जोर देतो. नटाचं सोड, इंजिनाच्या ब्लॉकमधले आटे गेले तर काय करशील? जुना बोल्ट हाताशी असला तर आट्यांची गेज लावून अर्ध्या मिनिटात निकाल लागतो.

माझा हा हट्ट कुठून आला ते सांगतो. माझी जुनी इंग्रजी गाडी, एमजी टीसी, मी एका वर्कशॉपमध्ये दिली होती. त्यांनी इंजिन आरशासारखं चकचकीत केलं आणि वर कौतुकाने सांगितलं, "जुने बोल्ट सगळे भंगारात दिले, नवे टाकू." टीसीचं एक्सपीएजी इंजिन म्हणजे अजब प्रकार: आटे मेट्रिक, पण बोल्टची डोकी व्हिटवर्थ या जुन्या इंग्रजी इंची मापाची. मॉरिसने १९२३ मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतला कारखाना घेतला, यंत्रं मेट्रिक आट्यांची होती, म्हणून आटे तसेच राहिले आणि डोकी मात्र इंग्रज मेकॅनिकच्या पान्याला बसतील अशी केली. त्या वर्कशॉपला हे ठाऊक असायची गरज नव्हती. त्यांनी फक्त फेकायचं नव्हतं, बस्स.

आता तुझ्या यादीतली दोन नावं. "मेन बेअरिंग कॅप, एक" असं तू इतक्या सहज लिहिलंस की मी दोनदा वाचलं. क्रँक, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, ब्लॉकला धरून ठेवणारी ती कॅप मागवायची वस्तू नाही. कारखान्यात कॅपा ब्लॉकवर बसवून, आवळून, मग सगळी भोकं एका ओळीत बोअर करतात. दुसऱ्या इंजिनाची कॅप तुझ्या ब्लॉकला बोल्टने बसेल, पण क्रँक मोकळा फिरणार नाही. लाइन बोअरिंग पुन्हा करावं लागेल. म्हणून त्या एका कॅपसाठी प्रत्येक खोकं जमिनीवर पालथं कर. ऑइलच्या चिखलात वळलेलं फडकं असेल तर तेही उलगड.

दुसरं, पुढच्या सस्पेन्शनचे ट्रनियन, म्हणजे चाक ज्यावर वळतं ते आट्यांचे सांधे. डाव्या-उजव्या बाजूंचे आटे एकमेकांच्या उलट असतात. आटे झिजून ट्रनियन सुटला की मायनरचं पुढचं चाक आडवं पडतं, ही या गाडीची जुनी खोड. इथे नवाच घालायचा, त्यात कंजुषी नको. पण कुठला कुठल्या बाजूचा हे ठरवायला जुना लागतो! टॉर्शन बारचंही, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यांचंही, तेच: वापरलेल्या बारला एका दिशेचा पीळ बसलेला असतो, त्यांची अदलाबदल चालत नाही. खुणा पुसट असतील तर आजच कापडी लेबलं बांध. चिकटपट्टी नको, ऑइलने सुटते.

पत्र्याचं थोडक्यात. या गाडीला वेगळी चासी नाही, त्यामुळे कुजलेली सिल, म्हणजे दाराखालची पत्र्याची पेटी, तीसुद्धा अजून काहीतरी धरून आहे. दारं बसवून फटी मोज, आतून आडवे पाइप टाकून बॉडी जखड, मगच काप. कापलेली सिल? ठेवायची.

तू म्हणशील, काकांना सगळंच मौल्यवान दिसतं. दिसतं खरं. मायनरचा डिझायनर इसिगोनिस याने ती ऐन वेळी चार इंच रुंद केली तेव्हा बंपर आधीच तयार होते. ते मधोमध कापून, मध्ये पट्टी घालून १९४८ च्या गाड्यांना बसवले. ती पट्टी कुणीतरी केलेली डागडुजी समजून काढून टाकणारे महाभाग असतात. असल्या हुशारीपुढे माझा वेडेपणा बरा.

माझी टीसी अजून स्टँडवरच आहे, हे तुला कुणीतरी सांगेलच. घरचे म्हणतात, जुन्या तुकड्यांचे डबे जमवण्याच्या नादात गाडी राहिली. चूक. डब्यांमुळे नाही राहिली, जे डबे माझ्याकडे नाहीत त्यांच्यामुळे राहिली. बोल्ट मिळतात रे, जाणकारांकडे सगळं मिळतं, पण कुठला किती लांबीचा आणि कुठल्या भोकातला, हे शोधण्यात माझा उत्साह गेला. तुझा अजून शाबूत आहे म्हणून एवढं ओरडतोय.

दुसरी गाडी घेण्याचा विचार तूर्त बाजूला ठेव. एक बंद गाडी सांभाळणं जड जातंय, दोन झाल्या तर दोन्ही जातील. नवी यादी गाडीवरून कर, कॅटलॉगवरून नाही: प्रत्येक रिकामं भोक, रंगावर उरलेला प्रत्येक वॉशरचा गोल डाग बघ आणि तिथे काय होतं ते लिही. मग पिशवी ओतून जोड्या लाव. उरेल तेवढंच हरवलेलं.

ट्रनियनचे फोटो पाठव, आट्यांची दिशा दिसेल असे. आणि कॅप सापडली तर रात्री कितीही वाजता फोन कर.

कळावे,
तुझा काका