रायटर मिळाला का?

प्रश्न: "मी १९ वर्षांचा आहे. जग थोडं तरी चांगलं व्हावं असं मनापासून वाटतं. पण पैसा नाही, ओळखी नाहीत, अनुभव नाही. माझ्यासारख्या तरुणाने नेमकं काय करावं?"

तुझं वय वाचलं आणि लिहायला बसले. वयानं लहान आहेस म्हणून अरेतुरे करते, राग मानू नकोस. १९ म्हणजे एफ.वाय. नाहीतर एस.वाय. म्हणजे तुला अजून रायटर होता येईल. मला आता होता येत नाही.

रायटर म्हणजे लेखनिक. अंध विद्यार्थी उत्तर सांगणार आणि आपण ते पेपरात उतरवायचं. कागदोपत्री शब्द लेखनिक आहे, पण पुण्यात कुठल्याही अंध मुलामुलीला विचार, ते रायटरच म्हणतात. परीक्षेच्या दिवसांत त्यांच्या होस्टेलवर "जेवलास का" च्या आधी "रायटर मिळाला का" असं विचारतात.

तू जी कमतरता म्हणून लिहिलीस ना, तीच इथली पात्रता आहे. रायटर परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला लागतो. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही परीक्षार्थीने स्वतः आणलेला लेखनिक त्याच्याहून एक पायरी खालचा असावा, असंच होतं. त्यामुळे चाळिशीतला प्राध्यापक कितीही भला असला तरी बी.ए.च्या मुलाचा पेपर लिहू शकत नाही. बारावी झालेली मुलगी लिहू शकते. माझं बी.ए. झालं आणि बी.ए.च्या मुलांसाठी माझा उपयोग संपला. त्या दिवशी मला आनंदापेक्षा वाईट जास्त वाटलं होतं, हे आईलाही कळलं नाही.

आता माझी गोष्ट सांगते, कारण तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर त्यातच आहे.

२०१० चा एप्रिल. माझी अकरावीची परीक्षा नुकतीच संपलेली. शेजारच्या काकू एका वसतिगृहात वाचून दाखवायला जायच्या, त्यांनी विचारलं, एका ताईचे एफ.वाय.चे पेपर लिहिशील का? मी हो म्हणाले. मनात खूप काही होतं. आपण कोणाच्या तरी आयुष्यात उजेड वगैरे आणणार, असंच वाटत होतं. ताई बीडकडची होती, जन्मापासून अंध. पहिल्या भेटीत तिनं माझं अक्षर कसं आहे ते दुसऱ्या मुलीला बघायला लावलं, मग माझ्याकडून एक उतारा लिहून घेतला आणि घड्याळ लावलं. मला ते खटकलं. मी फुकट येतेय आणि ही माझीच परीक्षा घेतेय, असं वाटलं.

पहिला पेपर नीट गेला. दुसरा राज्यशास्त्राचा. राज्यघटनेतल्या मार्गदर्शक तत्त्वांवर प्रश्न होता. ताईनं तीन तत्त्वं सांगितली आणि अडकली. "अजून एक आहे, थांब," म्हणाली. दोन मिनिटं गेली, तीन गेली. अकरावीला माझा राज्यशास्त्र विषय होता आणि मला आठवत होतं: कलम ४०, ग्रामपंचायतींची स्थापना. ताई म्हणाली, "जाऊ दे, पुढचा प्रश्न वाच." मी पुढचा प्रश्न वाचण्याआधी चौथा मुद्दा लिहून टाकला. एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. पुढच्या उत्तरांत तिची वाक्यं मला साधी वाटायला लागली, ती मी सजवत गेले. "महत्त्वाचं आहे" असं ती सांगायची, मी "अनन्यसाधारण महत्त्व आहे" लिहायचे. मला खरंच वाटत होतं की मी तिचं भलं करतेय.

शेवटी ती म्हणाली, वाचून दाखव. वाचून दाखवावं लागतं हे मला माहीत होतं, पण मी काय केलंय हे तिला कळेल असं डोक्यातही आलं नाही. चौथ्या मुद्द्यावर तिनं हात वर केला. "हे मी सांगितलं नाही." मी गप्प. "खोड." मी खोडलं. मग तिनं पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला लावलं आणि माझा प्रत्येक जास्तीचा शब्द खोडायला लावला. त्यात इतका वेळ गेला की शेवटचा पाच मार्कांचा प्रश्न राहिलाच. पर्यवेक्षक बाई बघत होत्या. माझे कान तापले होते.

बाहेर व्हरांड्यात ती म्हणाली, "मला पंचेचाळीस पडले तर ते माझे पंचेचाळीस असतील. उद्या नोकरीला लागल्यावर कोणी म्हणालं, हिचे पेपर दुसऱ्यानंच लिहिलेत, तर मी काय सांगू? आम्हाला सगळे तेच म्हणतात." मी सॉरी म्हणाले. तिनं ते ऐकून घेतलं आणि सांगितलं, "दुसरं कोणी मिळालं असतं तर परवा तुला बोलावलं नसतं. पण कोणी नाहीये. साडेदहाला ये."

घरी येऊन मी रडले. राग आला होता. दोन दिवस राग होता. पण साडेदहाला गेले आणि ती जे बोलली तेच लिहिलं, तिच्या चुकांसकट. एका ठिकाणी तिनं साल चुकीचं सांगितलं, मला बरोबर माहीत होतं, हात थरथरला, पण चुकीचंच लिहिलं.

माझ्यासाठी समाजकार्य तिथे सुरू झालं. आजही कोणी "मला लोकांसाठी काहीतरी करायचंय" म्हणालं की मी विचारते, लोकांनी सांगितलेलं करशील की तुझ्या मनातलं? वर्षानुवर्षं मी बघतेय, तरुण मुलं येतात ती स्वतःची कल्पना घेऊन येतात. अंध मुलांसाठी आनंदमेळा करू, सुगंधी राख्या करू, काठीला सेन्सर लावू. अरे, त्यांना पेपराला चार तास बसणारा माणूस हवाय. नोट्स वाचून देणारा हवाय. ते त्यांनी तोंडानं सांगितलेलं आहे.

अंधांची ब्रेल लिपी करणाऱ्या लुई ब्रेलचं उदाहरण सगळे देतात, पण अर्धवट देतात. पॅरिसच्या अंधशाळेत त्याच्या आधी उठावाच्या टिंबांची एक लिपी आली होती, शार्ल बार्बिये या डोळस गृहस्थांची. हेतू उत्तम होता. पण एका अक्षराला बारापर्यंत टिंबं, ती बोटाच्या पेरात मावत नव्हती, आणि ती उच्चारावर बेतलेली असल्यानं शुद्धलेखन शिकायची सोय नव्हती. ज्याला ती वाचावी लागत होती त्या पोरानं ती सहा टिंबांवर आणली, १८२४ साली, पंधराव्या वर्षी. त्याच्याच शाळेनं ती अधिकृत मानली १८५४ मध्ये. तो १८५२ मध्येच गेला होता. तरुण काय करू शकतात हे यातून दिसतंच, पण ज्याचं बोट त्याला विचारायला हवं होतं, हेही दिसतं. आपल्याकडे दुसरा भाग कोणी सांगत नाही.

आता जे बोलणार आहे ते बारा-तेरा वर्षं मनात आहे.

माझा कॉलेजातला एक मित्र होता. हुशार, वाचलेला, बोलायला लागला की कट्टा शांत व्हायचा. त्याला माझं रायटरचं काम पटायचं नाही. म्हणायचा, "तू ठिगळं लावतेस. व्यवस्था बदलायला हवी. अंध विद्यार्थ्याला रायटर शोधत हिंडावं लागतं हाच अन्याय आहे, आणि तू तो अन्याय सुसह्य करतेस." मी निरुत्तर व्हायचे, कारण वाक्यं त्याची चांगली असायची.

२०१३ साली लातूरच्या एका मुलाचा टी.वाय.चा अर्थशास्त्राचा पेपर होता. मी त्याचे बाकीचे पेपर लिहीत होते, पण त्या दिवशी माझाच पेपर होता. मित्र बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला होता, नियमात बसत होता. मी गळ घातली, तो हो म्हणाला. फॉर्म भरला, फोटो लावला, प्राचार्यांची सही झाली, परीक्षा विभागात अर्ज गेला. पेपर अकराला. माझा पेपर दोनला सुटला, फोन चालू केला तर त्या मुलाचे अकरा मिस्ड कॉल. मित्र आलाच नव्हता. त्या सकाळी शिष्यवृत्तीच्या मागणीसाठी मोर्चा होता, तो तिकडे गेला होता. फोन बंद. कॉलेजनं ऐनवेळी दुसरा रायटर घेऊ दिला नाही, अर्जावर नाव दुसऱ्याचं होतं. तो मुलगा कोरा पेपर समोर ठेवून अर्धा तास बसला आणि उठून गेला.

त्यानं तो पेपर ऑक्टोबरमध्ये पुन्हा दिला, पास झाला. पण एम.ए.च्या प्रवेशाचं वर्ष गेलं. गावाहून पैसे मागवून आणखी एक वर्ष पुण्यात काढावं लागलं.

मित्राला विचारलं तर तो म्हणाला, मोर्चा हजारो मुलांसाठी होता. एकाचं नुकसान झालं, वाईट वाटतं, पण मोठं चित्र बघ. आम्ही त्यानंतर फारसं बोललो नाही. आज तो एका मोठ्या संस्थेत आहे, तरुणांना नेतृत्वाबद्दल व्याख्यानं देतो.

मोठं चित्र मी बघितलंय. त्या चित्रात तो लातूरचा मुलगा कुठेच नव्हता. ज्याला शब्द दिला त्याच्यासाठी सकाळी पावणेअकराला उभं राहता येत नाही, त्यानं हजारोंचं नाव घेऊ नये असं मला तेव्हा वाटत होतं आणि आजही वाटतं. चूक माझीही होती. त्याचा स्वभाव मला माहीत होता, मी दुसरा माणूस तयार ठेवायला हवा होता. त्यानंतर मी प्रत्येक पेपराला दोघांची नावं आधीच द्यायला लागले.

एक मात्र मान्य करायला हवं, नाहीतर हे उत्तर खोटं ठरेल. व्यवस्थेबद्दल तो बोलायचा ते चुकीचं नव्हतं. माझ्यासारख्या शेकडो रायटरनी पेपर लिहून नियम बदलले नाहीत. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा झाला, २०१८ च्या सूचनांत तासाला किमान वीस मिनिटं जादा वेळ आला, म्हणजे तीन तासांच्या पेपराला चार तास. विकास कुमार या उमेदवारानं केंद्रीय लोकसेवा आयोगाविरुद्ध दाद मागितली. त्याच्या हाताला लिहिताना पेटके यायचे, पण चाळीस टक्के अपंगत्वाच्या व्याख्येत तो बसत नाही म्हणून लेखनिक नाकारला होता. ११ फेब्रुवारी २०२१ ला सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला. हे पेपर लिहून झालं नसतं, भांडूनच झालं. फक्त भांडणारा माणूस स्वतः तो त्रास भोगणारा होता, एवढं माझ्या मित्राला कोणीतरी सांगा.

तुझ्या प्रश्नाकडे येते. रायटर व्हायचं असेल तर आधी सराव कर. मित्राला पुस्तकातलं पान बोलायला सांग आणि सलग तासभर लिही, हात दुखतो. प्रश्नपत्रिका आधी पूर्ण वाचून दाखवायची, सूचना आणि मार्कांसकट. मान हलवायची नाही, तोंडानं "हो" म्हणायचं, ती मान त्यांना दिसत नाही. किती वेळ उरला, किती पानं उरली, हे सांगत राहायचं. जागा, नाव, जोडाक्षर समजलं नाही तर विचारायचं, अंदाजानं लिहायचं नाही. नियम परीक्षेप्रमाणे वेगळे असतात आणि बदलतही असतात, त्यामुळे त्या परीक्षेचं ताजं पत्रक स्वतः वाच.

घरी बसून करायचं असेल तर मराठी नोट्स युनिकोडमध्ये टाइप करून दे. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी किंवा पानाचा नुसता फोटो स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला, नीट वाचता येत नाही, अगम्य काहीतरी बडबडतो. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, मायकेल करन आणि जेम्स टेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी तो केला, २००६ पासून. तो आपल्या संगणकावर टाक, डोळे मीट आणि तू टाइप केलेलं एकदा ऐक. कुठे चुकतंय ते लगेच कळेल.

झाडं, नदी, रक्तदान यांबद्दल मला फार सांगता येणार नाही. ज्यांनी ते केलंय त्यांना विचार.

ताई आज शिक्षिका आहे. गेल्या महिन्यात तिचा फोन आला होता. तिच्या एका विद्यार्थिनीला टी.वाय.चे सहा पेपर आहेत, तिच्यासाठी कोणी आहे का, असं विचारत होती. मी म्हणाले, बघते. माझ्या ओळखीतले सगळे आता पदवीधर झालेत. तू एस.वाय.ला असशील तर बहुधा नियमात बसतोस. तुझ्या कॉलेजच्या परीक्षा विभागात उद्या जाऊन विचार, अंध विद्यार्थी किती आहेत आणि कोणाला रायटर मिळालेला नाही. आणि पेपर अकराचा असेल तर साडेदहाला पोच.